गाडीत जागा चार, उपकेंद्रं पन्नास

प्रश्न: आम्ही केज तालुक्यातले. मुलगी बारावी सायन्स झाली, नीटमध्ये एमबीबीएसपुरते गुण नाहीत. शाळेत मुलं तपासायला डॉक्टरांची गाडी येते, तसलं काम तिला करायचंय. खासगी बीएएमएसला घालावं की नर्सिंगला? इथल्या एका संस्थेत सहा महिन्यांचा ‘बालआरोग्य डिप्लोमा’ही आहे.

उत्तर: नमस्कार दादा,

ती गाडी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची. 2013 मध्ये तो सुरू झाला. पथकात दोन आयुष डॉक्टर (म्हणजे बीएएमएससारखे), एक फार्मासिस्ट, एक नर्स. अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा तपासणी. तालुक्याला अशी पथकं मोजकीच आणि जागा कंत्राटी. तेवढ्यासाठी रान गहाण टाकून बीएएमएस करू नका. तिला स्वतःचा दवाखाना टाकायचा असेल तर गोष्ट वेगळी.

पदं लोकसंख्येवर निघतात. सपाट भागात 5,000 लोकांमागे एक उपकेंद्र, 30,000 मागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र. अडीच लाखांचा तालुका धरला तर निकषानं 50 उपकेंद्रं होतात. बाळांचं लसीकरण, वाढीवर लक्ष, किशोरींच्या रक्तक्षयाच्या गोळ्या, हे सगळं तिथूनच चालतं. तिथल्या समुदाय आरोग्य अधिकारी पदाला बी.एस्सी. नर्सिंग चालतं. तेही पद कंत्राटीच, पण नर्सिंगवाल्या मुलीला मोठ्या दवाखान्यात अधिपरिचारिकेची, म्हणजे स्टाफ नर्सची, वाट उघडी राहते. म्हणून माझं मत सरकारी कॉलेजातल्या बी.एस्सी. नर्सिंगला.

आणखी एक वाट आहे, तिच्याकडं आपल्याकडची मुलं फिरकत नाहीत. पथकाला ऐकू न येणारं, उशिरा बोलणारं लेकरू सापडलं की त्याला जिल्ह्याच्या डीईआयसी, म्हणजे लेकरांवर लवकर उपचार करणाऱ्या केंद्रात पाठवतात. तिथं वाचा-श्रवण तज्ज्ञ लागतो. मराठवाड्यात जिल्हे आठ, म्हणजे सरकारी जागा थोड्या. पण खासगीत काम मिळतं. इंटर्नशिप धरून चार वर्षांची पदवी आहे; मुंबईला अली यावर जंग संस्थेत होते. लेकीला लांब ठेवायची तयारी असेल तरच.

आता या हिशेबातली खोट. निकष माणसं मोजतो, हंगाम मोजत नाही. दिवाळीच्या आसपास ऊसतोडीच्या टोळ्या कोयता घेऊन निघाल्या की पथक अंगणवाडीत आणि लेकरू कारखान्याच्या फडावर. पुढचा डोस कुठं द्यायचा हे मुकादमाचा नंबर जवळ असलेल्या आशाताईंनाच ठाऊक असतं. बीडसारख्या जिल्ह्यात पदं ठरवताना हे धरायला हवं, असं मी प्रत्येक बैठकीत सांगतो. लेकीला हे घरबसल्या माहीत आहे. मुलाखतीत तिनं ते बिनधास्त सांगावं.

डिप्लोम्याचं थोडक्यात: भारतीय किंवा महाराष्ट्र नर्सिंग परिषदेची मान्यता दाखवा म्हणावं. नसेल तर एक रुपया भरू नका.

पसंतीक्रम भरण्याआधी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांच्या ऑफिसात लेकीला घेऊन जा. कोणत्या पदाच्या जागा मंजूर किती, भरलेल्या किती, एवढंच विचारा आणि आकडे मला कळवा.