स्वतःचा एन्क्रिप्शन अल्गोरिदम बनवायचा आहे. आधी जुन्या पद्धती शिकू की थेट एईएस?

तुम्ही लिहिलंय की पुण्यात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहात, प्रोजेक्टसाठी स्वतःचा अल्गोरिदम करायचाय, आणि 'पद्धत कुणालाच माहीत नसल्यामुळे तो जास्त सुरक्षित राहील'. हे शेवटचं वाक्य वाचूनच उत्तर लिहायला घेतलं.

जुन्या पद्धती जरूर शिका, आणि त्यानंतर एईएस, म्हणजे आजची प्रमाणित एन्क्रिप्शन पद्धत. स्वतःचा अल्गोरिदम करू नका.

लहानपणी 'च'ची भाषा बोलला असाल. 'मला घर' म्हणजे 'चला म चर घ'. ज्याला युक्ती कळली त्याला सगळं कळलं, कारण तिला किल्लीच, म्हणजे मजकूर उलगडायला लागणारा गुप्त शब्द किंवा आकडाच नाही. मोडीचंही तसंच. मोडी म्हणजे गुप्त लिपी, असं आजही पुष्कळ जण ठामपणे सांगतात, पण पेशवे दफ्तरातले मोडी कागद एन्क्रिप्ट केलेले नाहीत. मोडी शिकलेला कुणीही ते वाचतो. पद्धत लपवणं वेगळं आणि किल्ली लपवणं वेगळं. डच भाषातज्ज्ञ ऑगस्ट केर्कहॉफ्सने १८८३ मध्येच लिहून ठेवलं की यंत्रणा शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये. किल्ली फुटली तर ती बदलता येते. पद्धत फुटली तर सगळं सॉफ्टवेअर नव्याने लिहावं लागतं.

पुण्यातल्या एका पतपेढीच्या सॉफ्टवेअरमध्ये नेमकं तुमच्या मनात आहे तेच केलं होतं. रोज रात्री खातेदारांचा बॅकअप निघायचा आणि तो 'आमच्या खास पद्धतीने' एन्क्रिप्ट व्हायचा. पद्धत कुणाला सांगितलेली नाही म्हणून ती अभेद्य आहे, असं बनवणाऱ्याचं म्हणणं होतं. मी फाइल हेक्स एडिटरमध्ये (फाइलमधले बाइट सोळाच्या पायावरच्या आकड्यांत दाखवणारा प्रोग्राम) उघडली आणि किल्ली समोरच दिसली. ती कशी दिसली हे सविस्तर सांगतो, कारण विजनेर (एक शब्द किल्ली म्हणून पुन्हापुन्हा वापरून अक्षरं सरकवण्याची जुनी पद्धत) शिकण्याचं कारण त्यातच आहे.

प्रत्येक खातेदाराची नोंद ठरावीक लांबीची होती. नावाला ६४ बाइट, आणि नाव संपल्यावर उरलेली जागा स्पेसने भरलेली. 'खास पद्धत' म्हणजे १६ अक्षरांची एक किल्ली पुन्हापुन्हा वापरून प्रत्येक बाइटशी एक्सऑर (दोन बिट सारखे तर ०, वेगळे तर १). विजनेरमध्ये अक्षरं मिळवतात, इथे बिट मिळवले, इतकाच फरक. स्पेसची हेक्स किंमत २०. एखाद्या इंग्रजी अक्षराशी २० एक्सऑर केलं की लहान लिपीतलं अक्षर मोठ्या लिपीत जातं आणि मोठं लहान लिपीत. म्हणजे जिथे स्पेसची लांब ओळ होती, तिथे किल्ली दर १६ बाइटला जशीच्या तशी छापलेली होती, फक्त लहान-मोठी अक्षरं उलटी. किल्लीतले आकडे तेवढे न दिसणारे कंट्रोल कॅरेक्टर झाले होते. त्यांच्याशी पुन्हा २० एक्सऑर केल्यावर तेही मिळाले. किल्ली होती कंपनीचं नाव आणि सन.

समजा स्पेस नसत्या, तरी मराठीनेच दगा दिला असता. यूटीएफ-८ (संगणकात अक्षरं बाइटमध्ये साठवायची आजची नेहमीची रीत) मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, मग ते व्यंजन असो, काना असो की हलन्त, तीन बाइटचं असतं. त्यातला पहिला बाइट कायम ई०, दुसरा ए४ किंवा ए५. तीनपैकी एक बाइट आधीच ठाऊक आणि दुसरा जवळजवळ ठाऊक! किल्लीची लांबी काढायला कूट (एन्क्रिप्ट केलेला) मजकूर स्वतःवरच एकेक बाइट सरकवून किती जागी जुळतो ते मोजा. लांबीच्या पटीत सरकवलं की जुळणी एकदम वाढते. मग १६ बाइटच्या किल्लीसाठी दर सोळावा बाइट वेगळा काढा, असे १६ गठ्ठे होतील. प्रत्येक गठ्ठ्यात सर्वांत जास्त वेळा येणारी किंमत बहुधा ई०ची, म्हणून तिच्याशी ई० एक्सऑर केलं की किल्लीचा तो बाइट सुटतो. किल्लीची लांबी तिनाच्या पटीत असली तरी शब्दांमधली स्पेस एकाच बाइटची असल्यामुळे ही रांग सरकत राहते. दोन-तीन हजार बाइटचा सलग मजकूर पुरतो. एखादा गठ्ठा चुकला तर वाचताना लगेच कळतं, कारण शब्दाची सुरुवात काना-मात्रेने होत नाही. हीच कल्पना प्रशियाचा लष्करी अधिकारी कासिस्की याने १८६३ मध्ये विजनेरवर चालवली, फक्त त्याच्याकडे कागद आणि पेन्सिल होती.

याहून वाईट भाग पुढे आहे. किल्ली न फोडताही शिल्लक रक्कम बदलता येत होती. रक्कम इंग्रजी अंकांत होती; '1' या अंकाचा बाइट हेक्समध्ये ३१, '9'चा ३९. फरक एका बिटाचा. कूट मजकुरात त्या जागेचा तेवढा एक बिट उलटवला की उलगडल्यावर १,००० चे ९,००० होतात, आणि सॉफ्टवेअरला काहीच कळत नाही. मजकूर झाकणं आणि मजकूर बदललेला नाही याची खात्री देणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं केलं की दुसरं आपोआप होतं, असं अजूनही फार जणांना वाटतं.

मग सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी 'एईएस' घातलं. जावात नुसतं एईएस लिहून सायफर मागितला की सहसा ईसीबी मोड (एईएस मोठ्या मजकुरावर चालवायची एक रीत) मिळतो, तोच त्यांनी घेतला. ईसीबीमध्ये १६ बाइटचा प्रत्येक ब्लॉक सुटा एन्क्रिप्ट होतो, म्हणून सारख्या ब्लॉकचा कूट मजकूरही सारखाच. नोंदीत आडनाव आधी. 'कुलकर्णी'तली पहिली पाच चिन्हं, क, उकार, ल, क, र, म्हणजे १५ बाइट, आणि सोळावा बाइट पुढच्या हलन्ताचा ई०. त्यामुळे पतपेढीतल्या सगळ्या कुलकर्ण्यांचा पहिला ब्लॉक एकच! 'जोशी'चे १२ बाइट, एक स्पेस आणि पुढच्या नावाचं पहिलं अक्षर ३ बाइट, बरोबर १६. म्हणजे जोशी पहिल्या नावाच्या आद्याक्षराप्रमाणे वेगळे होऊन बसलेले. कुठला ब्लॉक किती वेळा आला एवढं मोजलं की पुण्यातल्या माणसाला आडनावं ओळखायला किल्ली कशाला हवी? २०१३ मध्ये अडोबीचा डेटा फुटला तेव्हाही हेच झालं होतं: पासवर्ड ट्रिपल डीईएस या एईएसआधीच्या पद्धतीने ईसीबीमध्ये ठेवलेले, त्यामुळे एकच पासवर्ड असलेली सगळी खाती एका नजरेत कळत होती.

शेवटी बसवलं ते एईएस-२५६ (२५६ बिटांची किल्ली) जीसीएम मोडमध्ये, जो मजकूर झाकतो आणि बदलही पकडतो. किल्ली ऑपरेटिंग सिस्टिमच्या सुरक्षित रँडम जनरेटरमधून, कंपनीच्या नावातून नाही. प्रत्येक फाइलला नवा ९६ बिटांचा नॉन्स, म्हणजे एकदाच वापरायचा आकडा, जो फाइलच्या सुरुवातीला उघडाच लिहायचा. शेवटी १२८ बिटांचा टॅग, म्हणजे मजकूर बदलला का ते सांगणारी खूण. तो जुळला नाही तर फाइल उघडायचीच नाही, 'जेवढं वाचता येईल तेवढं' असा प्रकारही नाही. किल्ली प्रोग्रामच्या आत लिहिलेली नको, कारण प्रोग्राम प्रत्येक शाखेत जातो आणि त्यातून ती काढायला एक संध्याकाळ पुरते.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे. सीझर पद्धतीला (प्रत्येक अक्षर ठरावीक घरं पुढे सरकवणं) दहा मिनिटं द्या. इंग्रजीत २५च किल्ल्या आहेत. साध्या अदलाबदलीला (प्रत्येक अक्षराजागी ठरलेलं दुसरं अक्षर) जास्त वेळ द्या. तिथे २६ अक्षरांच्या सुमारे ४ गुणिले १०चा २६वा घात इतक्या मांडण्या आहेत, तरी ती वारंवारता मोजून सुटते. किल्ल्यांची संख्या प्रचंड म्हणजे सुरक्षा, हा भ्रम तिथेच जातो. अरब विद्वान अल-किंदीने हे नवव्या शतकात लिहिलं. मग वन-टाइम पॅड: किल्ली मजकुराइतकी लांब, खरोखर यादृच्छिक आणि एकदाच वापरायची; गणितज्ञ क्लॉड शॅननने १९४९ च्या निबंधात त्याची पूर्ण गुप्तता गणिताने दाखवली. तीच किल्ली दोनदा वापरली की दोन कूट मजकुरांच्या एक्सऑरमधून किल्ली नाहीशी होते आणि दोन्ही मजकूर उघडे पडायला लागतात.

हे हाताने केलेलं असेल तर एईएस परकं वाटत नाही. त्याच्या फेरीत एक बाइट-बदल, एक ओळी सरकवणं, एक स्तंभ मिसळणं आणि किल्लीशी एक्सऑर, एवढंच आहे. १२८ बिटांच्या किल्लीला अशा १० फेऱ्या, आणि शेवटच्या फेरीत स्तंभ मिसळत नाहीत. जुनेच तुकडे, पण एकमेकांची उणीव भरून काढतील असे रचलेले. आरएसए (एक किल्ली उघडी आणि दुसरी खासगी असलेली पद्धत) मात्र वेगळ्या घराण्यातलं, संख्या-सिद्धांताचं. ५ आणि ११ घेऊन ५५ वर कागदावर करून पाहा: उघडा घातांक ३, खासगी २७. २ चे होतात ८, आणि ८ चा २७वा घात ५५ ने भागला की बाकी पुन्हा २. तो २७ शोधायची रीत म्हणजे बाकीची समीकरणं सोडवायचं आर्यभटाचं कुट्टकच. खऱ्या वापरात मापांक (इथला ५५) किमान २०४८ बिटांचा आणि ओएईपी पॅडिंग, म्हणजे एन्क्रिप्ट करण्याआधी मजकुरात यादृच्छिक भर मिसळणं. पॅडिंगशिवायचं आरएसए पुस्तकातच ठेवा.

तुमचे मार्गदर्शक 'काहीतरी नवीन' मागणार, हे माहीत आहे. त्यांना सरळ सांगा की एईएस १९९७ ते २००० या काळात खुल्या स्पर्धेत, जगभरच्या तज्ज्ञांनी फोडायचा प्रयत्न करून मग निवडलं गेलं. एका सेमिस्टरमध्ये दोघा-चौघांनी केलेल्या अल्गोरिदमला ती कसोटी मिळणार नाही, आणि तो तुम्हाला स्वतःला फोडता आला नाही याला पुरावा म्हणत नाहीत. त्याऐवजी वर सांगितलेला यूटीएफ-८चा हल्ला प्रोजेक्ट म्हणून करा. वेगवेगळ्या लांबीच्या किल्ल्या घ्या, किती बाइट मराठी मजकुरात किती टक्के किल्ली सुटते त्याचा आलेख काढा, आणि तेच हिंदी व इंग्रजीवर करून तुलना करा. हे नवीनही आहे आणि खरंही.

दोन गोष्टी राहिल्या. वरचा हिशोब यूटीएफ-८ साठी आहे. जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेल्या फायलींत अक्षर-बाइटचं नातं निराळं, तिथे वारंवारता नव्याने मोजावी लागेल. आणि जीसीएममध्ये एकाच किल्लीखाली नॉन्स कधीही दोनदा येऊ देऊ नका. तसं झालं की दोन मजकुरांचा एक्सऑर तर उघडा पडतोच, शिवाय टॅग तयार करणारी आतली किल्लीही काढता येते आणि खोटे टॅग बनवता येतात. नॉन्स काउंटरने मोजून देत असाल, तर बॅकअपमधून सर्व्हर मागच्या तारखेला आणला की तो काउंटरही मागे जातो. हे तिथे सहज घडतं, म्हणून रिस्टोर केल्यावर किल्ली बदला.