आंतरवासितेची उद्दिष्टे मार्गदर्शकांसोबत कशी ठरवावीत?

प्रश्न : मी अध्यापक शिक्षणक्रमाची विद्यार्थिनी असून लवकरच माझी शालेय आंतरवासिता (शाळेत प्रत्यक्ष शिकवण्याचा सरावकाळ) सुरू होत आहे. मार्गदर्शक शिक्षिकांनी पहिल्या भेटीला येताना व्यावसायिक विकासाची उद्दिष्टे लिहून आणण्यास सांगितले आहे. ‘प्रभावी अध्यापन करणे’, ‘वर्गनियंत्रण सुधारणे’, ‘तंत्रज्ञानाचा वापर वाढवणे’ अशी बरीच उद्दिष्टे मी लिहिली, परंतु ती कोणाच्याही वहीत खपून जातील अशी वाटतात. शिवाय इतक्या अनुभवी व्यक्तीपुढे आपल्या उणिवा मांडण्याचा संकोचही वाटतो. काय करावे?

उत्तर : आपली शंका रास्त आहे, कारण आपण लिहिली आहेत ती क्षेत्रे आहेत, उद्दिष्टे नव्हेत. शेवटच्या बाकावर बसून पाठ पाहणाऱ्या मार्गदर्शकांना तास संपल्यावर स्वतःच्या नोंदीकडे बोट दाखवून ‘हे घडले’ किंवा ‘हे घडले नाही’ असे सांगता आले, तरच त्याला उद्दिष्ट म्हणावे. ‘प्रभावी अध्यापन’ या कसोटीवर टिकत नाही.

प्रश्न विचारण्याचेच उदाहरण घेऊ. विज्ञानशिक्षणाच्या अमेरिकी अभ्यासक मेरी बड रो यांना 1970 च्या दशकातील संशोधनात असे आढळले, की शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात आणि लगेच दुसऱ्या विद्यार्थ्याकडे वळतात किंवा स्वतःच बोलू लागतात. हा अवकाश तीन सेकंदांपर्यंत वा त्याहून अधिक वाढवला, तर उत्तरे लांबतात, न विचारता बोलणारी मुले वाढतात आणि उत्तरच न येण्याचे प्रमाण घटते. विद्यार्थ्याचे उत्तर संपल्यानंतरचा विरामही त्यांनी तितकाच महत्त्वाचा मानला होता. यांतील पहिल्या विरामासाठी ‘प्रश्न विचारल्यावर कोणाचेही नाव घेण्यापूर्वी किमान तीन सेकंद थांबेन’ असे लिहिले, की मार्गदर्शकांना घड्याळ लावून त्याची नोंद घेता येते. सोबत वर्गाच्या बैठकव्यवस्थेचा साधा आराखडा दिला, तर कोणी उत्तर दिले त्याच्या नावापुढे त्या खूणही करू शकतात, आणि पुढच्या दोन ओळींतील मुलेच बोलत असतील तर ते कागदावर आपोआप उमटते.

मात्र पहिल्या भेटीत उद्दिष्टे पक्की करू नयेत. मसुदा न्यावा, सुरुवातीच्या काही पाठांत केवळ नोंदी घेण्याची विनंती करावी आणि आपण आज कोठे आहोत हे कळल्यावरच आकडा ठरवावा. संख्येबाबत माझे मत ठाम आहे : एका वेळी दोन उद्दिष्टे पुरेत. तंत्रज्ञानाचे उद्दिष्ट तूर्त वगळले तरी चालेल; ते पाठाच्या गरजेतून आले तरच उपयोगी पडते.

उद्दिष्टांसाठी सर्रास वापरली जाणारी ‘स्मार्ट’ कसोटी (पाच निकषांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून SMART) जॉर्ज डोरन यांनी 1981 मध्ये व्यवस्थापनाच्या संदर्भात मांडली. काम कोणाकडे सोपवायचे हे निश्चित असणे ही तिच्यातील मूळ अट होती; पुढे तिच्या जागी बहुधा ‘साध्य’ हा निकष आला. आंतरवासितेत ती जुनी अट अधिक कामाची आहे. प्रत्येक उद्दिष्टापुढे आपण काय करणार याबरोबरच मार्गदर्शक काय पाहणार आणि चर्चा कधी होणार, हेही लिहावे.

संकोचाचे म्हणाल, तर तो बराचसा प्रश्नाच्या स्वरूपामुळे येतो. ‘पाठ कसा झाला?’ असे विचारल्यास ‘चांगला झाला’ एवढेच उत्तर मिळते. ‘मी कितीदा थांबले आणि कोठे घाई केली?’ असे विचारल्यास बोलणे आपल्या योग्यतेवर न येता नोंदीवर राहते, आणि मार्गदर्शकांनाही ते सोपे जाते. त्या गुणही देणार असतील, तर कोणत्या नोंदी मूल्यमापनात धरल्या जातील आणि कोणत्या केवळ सुधारणेसाठी असतील, हे पहिल्याच भेटीत नम्रपणे विचारून घ्यावे. आंतरवासितेच्या मध्यावर दोघींनी मिळून नोंदी पाहाव्यात. जे साधले असेल त्याच्या जागी नवे उद्दिष्ट घ्यावे, आणि जे साधले नसेल ते सोडून न देता आणखी लहान करावे. सर्व तासांऐवजी एकाच विषयाच्या तासापुरते, किंवा केवळ पाठाच्या प्रस्तावनेपुरते.