व्ह्यूज आहेत, पगार निघत नाहीत

प्रश्न : आमच्या क्रीडा चॅनलला लाखो व्ह्यूज मिळतात, तरी तिघांचे पगार निघत नाहीत. असं का?

उत्तर : व्ह्यूज कशावरचे आहेत? यूट्यूबवर मोठ्या व्हिडिओच्या जाहिरातींतले ५५ टक्के निर्मात्याला मिळतात. शॉर्ट्सला तेवढे मिळत नाहीत. तिथे गर्दी होते, गल्ला भरत नाही. त्यात स्पर्धा संपली की प्रेक्षकही पांगतात आणि जाहिरातदारही. पगार मात्र बारा महिने द्यायचा असतो. म्हणून सर्वांत कोरड्या महिन्यात जितकी माणसं परवडतात तितकीच कायम ठेवा. हंगामापुरतं संकलन, ग्राफिक्स बाहेरून करून घ्या.

प्रश्न : सामन्यांच्या क्लिप श्रेय देऊन टाकल्या तर चालतील?

उत्तर : नाही. श्रेय म्हणजे परवानगी नव्हे. हक्कधारकाने दावा केला की त्या व्हिडिओची कमाई त्याच्याकडे जाऊ शकते, आणि ९० दिवसांत तीन कॉपीराइट स्ट्राइक (हक्कभंगाबद्दल यूट्यूबचे ताशेरे) आले तर चॅनलच जातं. विश्लेषण तुमचं, आवाज तुमचा, आकृत्या तुमच्या. धंदा त्यावरच उभा करा.

प्रश्न : थेट वाचकांकडून वर्गणी घ्यावी का?

उत्तर : घ्यावी, पण गळती मोजून. दरमहा शंभरातले पाच वर्गणीदार सोडून गेले, तर वर्षाअखेरीस मूळ शंभरातले ५४च उरतात. गेलेल्यांची जागा भरायला पुन्हा जाहिरातीवर खर्च, हे चक्र पैसा खातं. २०१६ साली सुरू झालेलं, वर्गणीवर चालणारं अमेरिकी क्रीडा संकेतस्थळ ‘द ॲथलेटिक’ बघा. २०२२मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने ते ५५ कोटी डॉलरला घेतलं, तेव्हाही ते तोट्यात होतं. तिमाही नफा दिसायला २०२४ उजाडलं. तेवढा दम तुमच्या-माझ्या खिशात नसतो. मला ‘डिफेक्टर’ची वाट जास्त जवळची वाटते : डेडस्पिन हे अमेरिकी क्रीडा संकेतस्थळ सोडलेल्या पत्रकारांनी २०२०मध्ये स्वतःच्या मालकीचं संकेतस्थळ काढलं, मोजकी माणसं ठेवली आणि मुख्य भिस्त वर्गणीवर ठेवली. तुम्ही मासिकाऐवजी वार्षिक वर्गणीवर भर द्या, आणि ती हंगाम सुरू होण्याआधी विका. सामने संपल्यावर कोण घेणार?

प्रश्न : सट्टेबाजी कंपनी मोठी रक्कम देऊन भागीदारी मागते आहे.

उत्तर : आधी वकील गाठा, अनेक देशांत अशी जाहिरातच बेकायदा आहे. कायदा आड येत नसेल तरी करार मोडला तर ब्रँड कोणाचा राहील, हे लिहून घ्या. पेन एंटरटेनमेंट या अमेरिकी कॅसिनो-सट्टा कंपनीने सुमारे ५५ कोटी डॉलर मोजून घेतलेलं ‘बारस्टूल’ हे क्रीडा माध्यम २०२३मध्ये संस्थापकालाच एका डॉलरला परत दिलं. मात्र पुढे ते विकलं तर निम्मी रक्कम पेनला, ही अट कायम ठेवूनच.