टर्बो गाड्यांची ताकद कंपन्या हातची राखूनच देतात

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नवी टर्बो स्पोर्ट्स कार येणार म्हटलं की ‘या वेळी शंभर हॉर्सपॉवर वाढणार’ अशी हवा होते. प्रत्यक्षात किती वाढते, आणि गाडी यायच्या आधी आपल्याला अंदाज बांधता येतो का?

बांधता येतो. इंजिन तेच असेल आणि बॅटरी नसेल, तर वीस-तीस पीएस (युरोपातली हॉर्सपॉवर, जवळपास तेवढीच) धरून चाला. त्याहून मोठी उडी दिसली, तर टर्बोची जात तरी बदललेली असते, नाहीतर कुठूनतरी वीज आलेली असते.

मी कोण सांगणारा? साताऱ्यात एमआयडीसीत माझं टर्बो रिपेअरिंगचं शेड आहे. गिऱ्हाईक म्हणजे बोलेरो, स्कॉर्पिओ आणि उसाच्या हंगामात ट्रक. पोर्शे ९११ मी चालवलेली नाही. हायवेला मागून आली, पुढं गेली, एवढाच आमचा संबंध. पण टर्बो उघडला की आत तेच: एका शाफ्टच्या दोन टोकांना दोन चाकं. एक धुराड्यातल्या गरम वायूवर फिरतं, दुसरं इंजिनात हवा कोंबतं. म्हणून आकडे वाचायचा नाद लागला.

९११ चंच घ्या, कारण तिचा हिशोब सरळ आहे. २०१५ ला कॅरेराला, म्हणजे साध्या ९११ ला, तीन लिटरचं ट्विन टर्बो (दोन टर्बोंचं) इंजिन आलं, ३७० पीएसचं. २०१८-१९ ची नवी पिढी ३८५ वर आली आणि २०२४ च्या फेसलिफ्टला (त्याच पिढीतली किरकोळ सुधारणा) ३९४. म्हणजे पंधरा, मग नऊ! कॅरेरा एस मात्र ४२०, ४५०, ४८० अशी तीस-तीसच्या पायऱ्यांनी चढली. निसान जीटी-आर २००७ ला ४८० पीएसची होती आणि २०१६ ला ५७० ची झाली. इंजिन तेच ३.८ लिटरचं, नव्वद वाढायला नऊ वर्षं. बीएमडब्ल्यू एम२ ने २०२३ मधले ४६० वर्षभरात ४८० केले. आपल्याकडचं बघायचं तर महिंद्राचं २.२ लिटरचं डिझेल: स्कॉर्पिओत १२०, एक्सयूव्ही५०० मध्ये १४०, मग १५५. एक्सयूव्ही७०० मध्ये १८५ झालं खरं, पण तोवर ब्लॉकच ॲल्युमिनियमचा नवा आला होता.

मग लोक म्हणतात, बाहेर रीमॅप करणारे (इंजिनचं सॉफ्टवेअर बदलून देणारे) त्याच इंजिनातून दोन तासांत साठ-सत्तर काढून देतात, कंपनीला का जमत नाही? जमतं की. पण कंपनीला ते सगळीकडे जमवावं लागतं.

आमच्याकडून कासला निघा. यवतेश्वरचा घाट चढून पठारावर पोहोचेपर्यंत साधारण पाचशे मीटर उंची वाढते. बिनटर्बोचं इंजिन दर शंभर मीटरला अंदाजे एक टक्का ताकद गमावतं. जुन्या बिनटर्बोच्या जीप शेवटच्या वळणांवर दुसऱ्या गिअरला कशा रडायच्या, ते इथल्या कुणालाही विचारा. महाबळेश्वर तर साडेतेराशे मीटरच्या आसपास. टर्बोची गाडी तिथंही पिकअप सोडत नाही, कारण हवा विरळ झाली की टर्बो तेवढा जास्त पळून तूट भरून काढतो. हे ‘जास्त पळणं’ त्याला शक्य व्हावं म्हणून कंपनी खाली, समुद्रसपाटीला, त्याला पूर्ण पळू देत नाही. शिवाय ४५ डिग्रीचं ऊन असतं, कमी ऑक्टेनचं पेट्रोल असतं, तुंबलेला एअर फिल्टर असतो आणि वॉरंटीही असते. या सगळ्यासाठी हातचं राखलेलं असतं आणि रीमॅपवाला नेमका त्या शिलकीवर हात मारतो.

शिल्लक संपली की काय होतं ते माझ्या टेबलावर दिसतं. ओळखीतल्या एका पोरानं गाडीला असं रीमॅप, त्यांच्या भाषेत ‘स्टेज’, करून आणलं होतं. दीड वर्षात टर्बो शिट्टी मारायला लागला आणि इंटरकूलरच्या (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) होजपाइपात तेल. खोलून शाफ्ट चिमटीत धरून हलवला तर चांगला जाणवेल एवढा प्ले. चाकाच्या पात्या हाउसिंगला घासून आतून चकचकीत रिंग पडलेली. हे चाक तळहातावर मावतं आणि मिनिटाला लाख-दीड लाख फेरे घेतं. मध्ये आधार काय, तर तेलाचा केसाएवढाही नसलेला थर. टर्बो बसवून झाला तर क्लच स्लिप व्हायला लागलेला.

दुसरं, कंपनीला घरातली भांडणं टाळायची असतात. २०१५ च्या कॅरेरा आणि कॅरेरा एस मध्ये इंजिन एकच, फरक टर्बो, एक्झॉस्ट आणि सॉफ्टवेअरचा. तेवढ्यात पन्नास पीएस. धाकट्यानं थोरल्याला गाठायचं नाही, हा नियम आहे. त्यामुळे एखाद्या मॉडेलचा अंदाज बांधायचा तर त्याच्या वरच्या भावाचा आकडा आधी बघा.

आता मोठ्या उड्या. २०००ची ९११ टर्बो ४२० पीएसची होती, २००६ ची थेट ४८० ची. कारण हलत्या पात्यांचा टर्बो. डिझेलमध्ये तो तेव्हाही जुना होता, आज आमच्याकडे रोज येतो. पण पेट्रोलचा धूर हजार डिग्रीच्या घरात तापतो, त्यात त्या पात्या टिकवायच्या म्हणजे धातूच वेगळा लागतो. ते जमलं म्हणून साठ वाढले. टर्बो एस चंही तसंच: २०१३ ला ५६०, २०१६ ला ५८०, मग २०२० ला मोठे टर्बो आणि नवी इंटरकूलरची मांडणी आली तेव्हा ६५०. आणि २०२५ ला ७११, कारण दोन्ही टर्बोंच्या शाफ्टवर मोटर आणि गिअरबॉक्समध्ये आणखी एक.

माझ्या मते सगळ्यात बोलका आकडा २०२४ च्या कॅरेरा जीटीएसचा आहे. जाहिरातीत ४८० वरून ५४१. पण त्यातलं नुसतं इंजिन ४८५ चं आहे! तीन लिटरचं ३.६ लिटर केलं आणि हाती आले पाच पीएस. हे का? पूर्वी फुल्ल ॲक्सिलरेटरला गरजेपेक्षा जास्त पेट्रोल ओतून टर्बो आणि धूर साफ करणारा कॅटलिटिक कन्व्हर्टर थंड ठेवायचे. प्रदूषणाचे नियम आवळत चाललेत, ती चैन बंद होतेय. पोर्शेनं हे इंजिन सगळीकडे मोजून-मापूनच पेट्रोल जाळेल असं बांधलं, त्यात गेलेली ताकद आकारमान वाढवून भरून काढली आणि वरची वाढ विजेवर घेतली. वजन वाढलं पन्नास किलो.

म्हणून पुढच्या गाड्यांबद्दल शंभरच्या बाता ऐकल्या की मी एकच विचारतो: बॅटरी आहे का? नसेल तर फेसलिफ्टला वीस-तीस, आणि नियम बदलाच्या तोंडावर आलेल्या नव्या पिढीत वाढ शून्य असली तरी मला नवल वाटणार नाही. असेल तर शंभर काय, दीडशेही वाढतील. मर्सिडीजच्या एएमजीनं सी६३ गाडीला दोन लिटरच्या चार सिलिंडरवर वीज चढवून ६८० केलेच की. आधीच्या व्ही८ चे ५१० होते. तरी लोक हळहळले ते त्या व्ही८ च्या आवाजासाठीच.

जाता जाता: आकडा पीएसमध्ये आहे की अमेरिकन हॉर्सपॉवरमध्ये, ते तपासत जा. टर्बो एस चे ७११ तिकडे ७०१ होतात. कित्येक ‘दहानं वाढली’ वाल्या बातम्यांत वाढ फक्त एककाची असते.