माझ्या कोडमुळे कुणी दगावलं तर?

लॉकडाऊननंतर पुण्या-मुंबईच्या कंपन्यांचं काम घरून करणारी बरीच मुलं सिंधुदुर्गात राहिली. त्यातली काही हॉस्पिटलांसाठी सॉफ्टवेअर लिहितात. त्यांच्या तोंडून एकच काळजी इतक्या वेळा ऐकली, की तिच्यावर लिहायला बसले. बँकेच्या ॲपमध्ये घोळ झाला तर पैसे परत करता येतात, इथे काय परत करणार? ही काळजी खोटी नाही, हे मी त्यांना आधीच सांगते.

समीर (नाव आणि तपशील बदलले आहेत) वेंगुर्ल्याजवळच्या गावातून काम करायचा. लहान मुलांच्या औषधाचा डोस वजनावरून काढणारा भाग त्याच्याकडे होता. पॅरासिटामॉल किलोमागे साधारण १५ मिलिग्रॅम, गणित सोपं. पण ८.५ किलोच्या बाळाचं वजन टाकताना टिंब राहिलं आणि ८५ पडलं, तर डोस दहापट. हे त्याच्या डोक्यातून जाईना. रात्री दोन-अडीचला उठून त्याच ओळी पुन्हा वाचायचा. पावसात लाईट गेली, नेट बंद पडलं, की छातीत धडधड. आई दारातून म्हणायची, "झिला, निज रे आता."

"रात्री तपासून कधी काही सापडलं?" मी विचारलं.

"नाही."

"मग थांबत का नाहीस?"

"मॅडम, चूक होताच कामा नये."

मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांचा विचार मानणारी समुपदेशक. महाराष्ट्रात तो कि. मो. फडके यांनी रुजवला. चूक होऊ नये अशी तीव्र इच्छा असेल तर माणूस सावध राहतो. ती होताच कामा नये असा हट्ट धरला की सावधपणाच हरवतो, हे मी वर्षानुवर्षं समोर बघत आले आहे. पण हे समीरला नुसतं सांगितलं असतं तर त्याने मान डोलावली असती आणि रात्री पुन्हा लॅपटॉप उघडला असता. त्याला ते स्वतःच्या कामात दिसायला हवं होतं.

वाट सापडली ती थेराक-२५ मुळे. कॅन्सरच्या किरणोपचाराचं हे यंत्र. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात सहा रुग्णांना त्याने भयंकर जास्त मात्रा दिली, काही जण दगावले. समीरला हे सगळं पाठ होतं. "त्याचं सॉफ्टवेअर एकाच माणसानं लिहिलं होतं, मॅडम," तो म्हणाला. स्वतःला तो त्याच खुर्चीत बघत होता.

"त्या गोष्टीत आणखी कोण कोण होतं, तेही सांग."

तो आठवून सांगू लागला. आधीच्या यंत्रात चूक अडवणारी वेगळी हार्डवेअरची सोय होती, ती यात काढून टाकलेली. असं घडणं शक्यच नाही, असं कंपनी म्हणत राहिली. शेवटी १९८६ मध्ये टेक्सासमधल्या टायलर इथे हॉस्पिटलचे भौतिकतज्ज्ञ आणि यंत्र चालवणारी ऑपरेटर यांनी एकत्र बसून, तीच बटणं त्याच वेगाने दाबून, चूक पुन्हा घडवून दाखवली.

"स्क्रीनवर एरर येत होता ना? मग उपचार पुढे कसा चालू राहिला?"

"दिवसभर इतके एरर यायचे की सवय झाली होती. नुसता नंबर दिसायचा, अर्थ कळायचा नाही. मग कीबोर्डवरचं पी दाबायचं आणि पुढे…"

तो थांबला. मी काही बोलले नाही. अशा वेळी गप्प बसणं हेच माझं खरं काम, आणि ते मला जमतं.

बऱ्याच वेळाने म्हणाला, "मॅडम, मी भीतीपोटी प्रत्येक स्क्रीनवर वॉर्निंग टाकल्यात."

आपलं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या एकाही सिस्टरशी तो कधी बोलला नव्हता. टीमच्या प्रमुखाची परवानगी काढून त्याने एकीला फोन केला. ती म्हणाली, "त्या पिवळ्या चौकटी ना? त्या आम्ही न वाचताच ओके करतो." पुढे हेही म्हणाली, की वजन त्या आधी फाइलमध्ये लिहितात आणि डोस विचित्र वाटला तर डॉक्टरांना विचारतात. बाळ आणि आपला कोड यांच्यामध्ये जागी माणसं आहेत, हे त्याला त्या फोनवर पहिल्यांदा कळलं. आणि आपली भीती त्याच माणसांना वॉर्निंग न वाचण्याची सवय लावतेय, हेही. वजनाच्या चौकटीबद्दलची शंका मूर्ख ठरू म्हणून त्याने महिनोन्‌महिने दाबून ठेवली होती. ती त्याने टीमपुढे लेखी मांडली. बहुतेक वॉर्निंग गेल्या. वयाला न शोभणारं वजन पडलं तर मात्र आता डोस निघतच नाही. झोप हळूहळू परतली, एकदम नाही.

तुम्ही याच कामात असाल तर पुन्हा तपासण्याआधी स्वतःला विचारा: यातून नवीन काही कळणार आहे, की फक्त घटकाभर बरं वाटणार आहे? काय काय तपासायचं ते दिवसा लिहून ठेवा, यादी संपली की तपासणी संपली. आपला कोड दुसऱ्याला तपासायला द्या. आपल्याकडच्या पावसाळ्यात रिलीजच्या, म्हणजे नवा कोड वापरात आणण्याच्या, रात्री जोडीदार मागून घ्या, त्यात कमीपणा नाही.

आणि कोडइतकंच गॅस, कुलूप, हात धुणं हेही पुन्हा पुन्हा होत असेल, त्यात रोजचे तास जात असतील, तर मानसोपचारतज्ज्ञांना जरूर भेटा. तो उपचाराने आटोक्यात येणारा आजार असू शकतो. कुठे जायचं सुचत नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येतं, मराठीतही.