नव्या शिक्षकांना वर्गातली अडचणच द्या

प्रश्न : म्हापशात आमच्याकडे मोठ्या माणसांसाठी पोर्तुगीजचे संध्याकाळचे वर्ग चालतात. यंदा नव्या शिक्षकांना तयार करायचं काम माझ्याकडे आलंय. अध्यापनपद्धतींवर मी व्याख्यानं देते, सगळे टिपणं काढतात; पण वर्गात उभे राहिले की फळाभर क्रियापदांची रूपं लिहीत सुटतात. समस्याधारित अध्ययनाने फरक पडेल का? सुरुवात कशी करू?
– एक वाचक, म्हापसा

उत्तर : ताई, फरक पडेल. मात्र सगळी भिस्त समस्या कशी लिहिता यावर आहे. आधी खरी अडचण द्यायची आणि ती सोडवता सोडवता शिकायचं, ही पद्धत 1969 साली कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात डॉक्टर घडवण्यासाठी सुरू झाली. तिथे आधी व्याख्यान आणि मग रुग्ण, हा क्रम उलटा केला. तुम्हीही तेच करा.

‘प्रौढांना प्रेरणा कशी द्यावी?’ ही समस्या नव्हे, तो निबंधाचा विषय झाला. मी प्रशिक्षणात देते तसा एक कागद सांगते : ‘साडेसहाचा वर्ग. कांदोळीच्या हॉटेलातले दोघे ड्यूटी संपवून सातला पोचतात. 1961 पूर्वी पोर्तुगीज शाळेत शिकलेले एक आजोबा बाईंचे उच्चार सुधारतात. एक मुलगी यूट्यूबवर ब्राझीलचं पोर्तुगीज ऐकून आलीय. तिला आजोबांचं कळत नाही, आजोबांना तिचं रुचत नाही. तीन जण गेल्या आठवड्यापासून यायचे बंद झालेत. मंगळवारचा तास तुमचा आहे.’ बस, एवढंच. कारण लिहायचं नाही, उपाय तर नाहीच.

मग नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्ट विद्यापीठाच्या सात पायऱ्या धरा. कागदातलं न कळलेलं विचारून घेणं, समस्या नेमकी ठरवणं, सुचेल ते मांडणं, त्याची जुळणी करणं, आपल्याला काय माहीत नाही ते ठरवणं, ते घरी शोधणं आणि परत येऊन एकमेकांना सांगणं. यातली पाचवी पायरी मला सर्वांत मोलाची वाटते. ‘पोर्तुगालमध्ये आघात नसलेले स्वर जवळजवळ गिळतात, ब्राझीलमध्ये ते मोकळे ऐकू येतात, मग नवशिक्यांना आधी काय ऐकवायचं?’ हा प्रश्न शिक्षकाच्या स्वतःच्या तोंडून आला की तो जिद्दीने उत्तर शोधतो. आजोबांना जोडीला घेऊन संवाद वाचून घ्यावा, ही कल्पनाही अशाच चर्चेतून निघते.

तुम्ही मात्र उत्तर देऊ नका. अनुभवी माणसाला हे फार जड जातं. ‘हे कशावरून म्हणता?’, ‘उशिरा येणाऱ्यांचं काय?’ एवढंच विचारत राहा.

अगदी नवख्यांना मोकळं सोडूनही चालत नाही. काहीच ठाऊक नसलेला माणूस नुसता चाचपडतो. म्हणून दोन-तीन लेख आणि एखाद्या खऱ्या तासाचं ध्वनिमुद्रण आधीच हाताशी ठेवा. पणजीला पाटो भागातल्या मध्यवर्ती ग्रंथालयात पोर्तुगीज पुस्तकांचा मोठा संग्रह आहे, तिथे पाठवा.

दोन बैठकांमध्ये आठवडाभराचं अंतर हवंच, नाहीतर सहावी पायरी कागदावरच राहते. आणि चर्चा कोकणी-मराठीत होऊ द्या. पोर्तुगीजमध्येच बोला असा आग्रह धरलात, तर ज्यांची भाषा चांगली तेच बोलतील आणि वर्गाची नाडी ओळखणारे गप्प बसतील.