वाचक विचारतात : चाकाची बॉबकॅट घेऊ की रबर चेनवाली?

प्रश्न (राजापूर तालुका) : नमस्कार दादा, आम्ही दोघं भाऊ. घरची हापूस आणि काजू मिळून साडेचार एकर बाग आहे, बरीचशी वर सड्यावर (कातळाच्या पठारावर) आणि थोडी खाली व्हाळाच्या (ओढ्याच्या) कडेला. पडलेले गडगे (दगडी कुंपणं) काढायचेत, नवीन कलमांना खड्डे मारायचेत, शेणखत माती आत न्यायचीय, त्यासाठी बॉबकॅट (पुढे बकेट असलेला छोटा लोडर) घ्यायची आणि उरलेल्या वेळात आजूबाजूला भाड्याने द्यायची असा विचार. मोठा जेसीबी बागेत घातला की फांद्या मोडतात. डीलर म्हणतो रबर चेनवालीच (चाकांऐवजी रबरी पट्ट्यांवर चालणारी) घ्या, पावसात पण चालते. पण ती चाकाच्या मशीनपेक्षा बरीच महाग आहे. काय करावं?

उत्तर : तुम्ही लिहिलंय "बरीचशी सड्यावर", माझ्यासाठी निम्मं उत्तर तिथेच आलं. चाकाची घ्या. आता का ते सांगतो, कारण डीलर खोटं बोलत नाहीये, तो फक्त तुमच्या जमिनीबद्दल बोलत नाहीये.

चेनचा फायदा खरा आहे. तीन-साडेतीन टनाची मशीन चार टायरवर उभी राहिली की जमिनीवर दाब येतो चौरस इंचाला 30 पौंडांच्या वर, तेच वजन रबर चेनवर पसरलं की 4-5 पौंडांवर येतं. म्हणून चिखलात, भाताच्या मळ्यात, खाजणात जिथे चाकाची मशीन पोटापर्यंत रुतेल तिथे चेनवाली आरामात फिरते, आणि कलमांच्या मुळांवरची माती पण कमी दबते. तुमची सगळी जमीन व्हाळाकडेची असती तर मीच म्हणालो असतो की पैसे जास्त गेले तरी चेन घ्या.

पण या दोन्ही मशीनला स्टिअरिंग नसतं हे लक्षात घ्या. एका बाजूची चाकं किंवा चेन जोरात, दुसऱ्या बाजूची हळू नाहीतर उलटी, असं करून ती जागच्या जागी घासत वळते. मऊ मातीत या घासण्याने काही होत नाही, जांभ्याच्या कातळावर मात्र प्रत्येक वळणाला रबर किसलं जातं. शिवाय चेनच्या आत पोलादी तारा असतात, कडेला एक चीर पडली की तिथून पाणी आत जातं, आपल्याकडची खारी हवा आहेच, तारा गंजतात आणि मग एक दिवस भर कामात चेन तुटते. चांगल्या मातीत रबर चेन साधारण 1200 ते 1600 तास जाते असं धरतात, कातळावर तेवढी अपेक्षा ठेवूच नका. टायर फाटला तर एक टायर बदलून भागतं, चेन गेली की बहुतेक वेळा जोडीच घ्यावी लागते आणि सोबत रोलर, स्प्रॉकेट (चेन फिरवणारी दातेरी चाकं) पण झिजलेले निघतात.

मी स्वतः एकदा भाड्याची चेनवाली आणून सड्यावर गडग्याचे दगड हलवले होते. तीन आठवड्यांत दोन्ही चेनच्या कडा कुरतडल्यासारख्या झाल्या, एक धोंडा रोलर आणि चेनच्या मधे अडकून चेन उतरली ती वेगळीच. मालकाचं नुकसान झालं, माझं काम अर्धवट राहिलं. तेव्हापासून कोणी विचारलं की मी आधी कातळ किती ते विचारतो.

आता खड्डे. इथे तुम्हाला थोडं निराश करावं लागेल, पण मशीन घेतल्यावर कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं. बॉबकॅट ही भरायची, उचलायची, पसरायची मशीन आहे, स्वतःच्या पायाखाली खोल खणायची नाही. कलमाला मीटरभर लांब, रुंद, खोल खड्डा लागतो, 10 मीटरवर कलम धरलं तर हेक्टरी 100 खड्डे. मातीत ऑगर (जमिनीत भोक पाडायचा मोठा स्क्रू) लावून भोक पडेल, पण कातळात ऑगर काही करू शकत नाही, तिथे दगड फोडणारा ब्रेकर हवा आणि फुटलेला दगड वर काढायला लांब हात हवा. ते काम मिनी पोकलेनचं. तिलाही बऱ्याचदा रबर चेनच असते, मग ती का टिकते असं विचाराल, तर ती एका जागी उभी राहून वरचा भाग फिरवते, दिवसभर घासत वळत नाही. म्हणून माझा सल्ला असा की खड्ड्यांपुरती मिनी पोकलेन थोडे दिवस भाड्याने आणा, आणि कागदावर हिशोब मांडताना पुढच्या पाच वर्षांत खणायचंच काम जास्त निघालं तर बॉबकॅटचा विचार सोडून मिनी पोकलेनच घ्या, मला त्यात काहीच वावगं वाटत नाही.

किती ताकदीची घ्यावी? मशीन ज्या वजनाला पुढे कलंडते त्याच्या निम्मं वजन चाकाच्या मशीनला काम करायला योग्य म्हणून दिलेलं असतं, चेनवालीला 35 टक्के. म्हणजे दोन्ही मशीनच्या माहितीपत्रकांवर एकच आकडा असला तरी कलंडायचं वजन वेगळं असतं, तुलना करताना हे विचारून घ्या. एक चिरा (जांभ्याचा कापलेला दगड) तीस किलोचा धरला तर वीस चिरे झाले 600 किलो, आणि बकेटच्या जागी फोर्क (उचलायचे काटे) लावला की वजन बकेटपेक्षा पुढे जातं त्यामुळे 700 किलो उचलायच्या क्षमतेची मशीन तिथे अगदी काठावर येईल. आणि घ्यायच्या आधी टेप घेऊन पाणंद आणि गडग्यातली वाट मोजा, बकेटची रुंदी धरून, सगळ्यात अरुंद जागेला.

उताराबद्दल ऑपरेटरला नक्की सांगा, घरचाच मुलगा चालवणार असेल तर दोनदा सांगा : जड बाजू कायम चढाकडे. बकेट रिकामी असेल तर मशीनचं वजन मागे असतं, म्हणून चढ रिव्हर्सने चढायचा, भरलेली असेल तर सरळ. बकेट कायम खाली ठेवून. आणि वर उचललेल्या हातांखाली लॉक लावल्याशिवाय कोणीही जायचं नाही, पाच मिनिटांच्या ग्रीसिंगलासुद्धा नाही.

पावसात चालते हे खरं, पण जून ते सप्टेंबर आपल्याकडे 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तेव्हा लाल मातीचा उतार उकरला की सगळी माती व्हाळात. त्या चार महिन्यांचं भाडं हिशोबात धरूच नका. हप्ता आठ महिन्यांच्या कमाईतून बसतोय का बघा, आणि सर्व्हिसवाला किती तासांत पोचतो ते पण, कारण होज पाईप फुटून मशीन चार दिवस उभी राहिली तर हप्ता थांबत नाही. डेमो डीलरच्या यार्डात नको, पूर्ण दिवस तुमच्या सड्यावर मागा.

प्रश्न (गुहागर) : बारा गाई आणि कोंबड्यांची शेड आहे, माणसं मिळत नाहीत. शेण आणि शेडमधलं खत काढायला ही मशीन फार मोठी होईल का?

उत्तर : अजिबात नाही ताई, ही मशीन जन्मलीच त्या कामासाठी. अमेरिकेत मिनेसोटामध्ये 1957 साली केलर नावाच्या दोन भावांनी टर्कीच्या शेडमधलं खत काढायला तीन चाकांचा छोटा लोडर बनवला, खांबांच्या मधे वळेल असा. चौथं चाक 1960 मध्ये आलं आणि बॉबकॅट हे नाव 1962 मध्ये. तुमची काँक्रीटची जमीन असेल, म्हणजे चाकाचीच, आणि सगळ्यात लहान मॉडेल. शेडच्या दाराची उंची मोजायला विसरू नका, आणि आत चालवताना दोन्ही बाजू उघड्या ठेवा, डिझेलचा धूर कोंडतो. संध्याकाळी गोड्या पाण्याने धुवा, शेणमूत लोखंड खातं.

प्रश्न (देवगड तालुका) : जुनी चाकाची मशीन मिळतेय, काय काय बघू?

उत्तर : अवर मीटरवर विश्वास ठेवू नका, पेडल, सीट आणि लिव्हर किती झिजलेत ते बघा, 1500 तासांच्या मशीनचं पेडल गुळगुळीत नसतं. सकाळी लवकर जा आणि इंजिन आधी चालू करून ठेवू नका असं आदल्या दिवशीच सांगा, थंड इंजिन कसं उचलतं ते कळतं. बकेट भरून वर उचला, इंजिन बंद करा, बाजूला उभं राहून बघा, भराभर खाली येत असेल तर सिलिंडर किंवा व्हॉल्व्हचं काम आहे. बकेटच्या पिना हलवून बघा. चाकांना फिरवणाऱ्या चेन आत पेटीत तेलात असतात, त्या पेटीतलं तेल काढून दाखवायला सांगा, लोखंडाचा चुरा किंवा पाणी दिसलं तर सोडून द्या. आणि खाडीच्या वाळूत चालवलेली असेल तर खाली झोपून बॅटरीच्या उजेडात पोट बघा, वरून नवा रंग मारलेला असतो पण खाली कोणी मारत नाही.